विझर्ड्री: क्लास कसे निवडायचे आणि पाळीपाळीच्या लढाईत जिवंत कसं राहायचं

‘विझर्ड्री: प्रूव्हिंग ग्राउंड्स ऑफ द मॅड ओव्हरलॉर्ड’ हा गेम सर-टेक कंपनीने १९८१ साली अ‍ॅपल टू कॉम्प्युटरसाठी बाजारात आणला. कॉर्नेल विद्यापीठातल्या अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या दोघांनी तो पास्कल भाषेत लिहिला होता. सहा जणांची पार्टी, दहा मजल्यांचं भुयार, प्रत्येक मजला वीस बाय वीस चौकटींचा, आणि अगदी तळाशी ताईत चोरून बसलेला मांत्रिक वेर्डना. पुढे जपानमध्ये या गेमवर लोकांनी जीव टाकला. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ घडवणारे युजी होरी यांच्यावरही त्याचा प्रभाव पडला. २०२४ मध्ये डिजिटल एक्लिप्सने मूळ प्रोग्रॅम आत तसाच चालू ठेवून, वर नवी चित्रं आणि नवं संगीत चढवून हा गेम पुन्हा काढला, त्यामुळे आज तो कुणालाही सहज खेळता येतो. नव्या आवृत्तीत काही नियम सेटिंगमध्ये जाऊन सौम्य करता येतात. हा लेख मूळ नियम धरून लिहिलेला आहे, कारण या गेमची खरी ताकद तिथेच आहे.

नव्या खेळाडूची पहिली पार्टी बहुतेक वेळा पहिल्या मजल्यावरच संपते, आणि तो फाशांना दोष देऊन गेम बंद करतो. फासे कडक आहेत हे खरं आहे. पण पार्टी जगणार की मरणार हे बरंचसं लढाई सुरू होण्याआधीच ठरलेलं असतं. पुढच्या रांगेत कोण उभं आहे, शत्रूला झोपवणारा मंत्र कितीदा म्हणता येणार आहे, आणि किती बळ शिल्लक असताना तुम्ही मागे वळता, या तीन गोष्टी ते ठरवतात. त्या हातात आल्या की हा गेम अजिबात अन्यायी वाटत नाही.

पार्टी बांधण्याआधी रांगांचा नियम

सहापैकी पहिले तिघे पुढच्या रांगेत असतात आणि उरलेले तिघे मागच्या. हत्याराने वार करणं पुढच्या तिघांनाच जमतं आणि शत्रूच्या हत्याराचे घावही त्यांच्यावरच पडतात. मागच्यांना मंत्र, आगीचे फुत्कार आणि पेटीतले सापळे यांचाच धोका. म्हणून क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, निवडताना पहिला प्रश्न असा विचारायचा की हे पात्र मार खाणार आहे की मार चुकवून काम करणार आहे.

मूळ क्लास चार. फायटरला दर लेव्हलमागे १० पर्यंत हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, मिळतात, प्रीस्टला ८ पर्यंत, थीफला ६ पर्यंत आणि मेजला, म्हणजे जादूगाराला, फक्त ४ पर्यंत. पहिल्या लेव्हलचा मेज पुढच्या रांगेत आला तर एका घावात जातो, यात नशिबाचा काही संबंध नाही.

या चारांखेरीज चार वरचे क्लास आहेत: बिशप, सामुराई, लॉर्ड आणि निंजा. त्यांच्याकडे नंतर वळू. पहिल्या पार्टीसाठी त्यांच्या मागे लागू नका. सामुराई व्हायला शक्ती १५, बुद्धी ११, श्रद्धा १०, जीवनशक्ती १४ आणि चपळाई १० लागते. ड्वार्फ घेतला तरी त्यासाठी १८ जादा गुण हवेत, आणि पात्र तयार करताना बहुतेकदा ७ ते १० च्या दरम्यानच गुण पडतात. क्वचित एकदम मोठा आकडा येतो. तो यावा म्हणून तासभर पात्रं बनवून पुसत बसणारे खेळाडू आहेत. माझं मत असं की तो तास पहिल्या मजल्यावर घालवावा, तिथे जास्त शिकायला मिळतं.

सहा जण, एकेक करून

मी सुचवतो ती रचना अशी: पुढे फायटर, फायटर, प्रीस्ट. मागे थीफ, मेज, मेज.

पुष्कळ जण पुढे तीन फायटर ठेवतात आणि मागे एकच मेज. ती रचना चुकीची नाही, पण पहिल्या मजल्यावर तिची किंमत मोजावी लागते. सुरुवातीच्या मेजला दोनच मंत्र टाकता येतात. दोन मेज असतील तर चार. लेव्हल एकला या दोन जादा मंत्रांनी जेवढ्या लढाया वाचतात तेवढ्या तिसऱ्या फायटरच्या तलवारीने वाचत नाहीत. शिवाय प्रीस्ट पुढे उभा राहायला चांगला आहे. त्याला बऱ्यापैकी चिलखत चालतं, आणि लेव्हल वाढेल तसा त्याचा नेम फायटरइतकाच सुधारतो, फक्त गदेने घाव थोडा कमी बसतो.

आता वंश आणि गुण. फायटरसाठी ड्वार्फ घ्या. त्याची शक्ती १० आणि जीवनशक्ती १० पासून सुरू होते. फायटर व्हायला शक्ती ११ लागते, म्हणजे एक गुण तिकडे. मग सहा गुण जीवनशक्तीत टाकून ती १६ करा. १६ ला प्रत्येक लेव्हलमागे एक जादा हिट पॉइंट मिळतो, १७ ला दोन, १८ ला तीन. म्हणजे अवघ्या ७ गुणांत तुमचा फायटर नीट उभा राहतो. शक्तीचा फायदाही १६ पासूनच सुरू होतो, तेव्हा १२ किंवा १३ वर अडकलेली शक्ती लढाईत काहीच देत नाही. गुण सगळीकडे थोडे थोडे शिंपडू नका, एका ठिकाणी १६ च्या पुढे न्या.

प्रीस्टसाठीही ड्वार्फच. श्रद्धा १० ची ११ केली की क्लास मिळतो आणि उरलेले गुण जीवनशक्तीत. तो पुढच्या रांगेत उभा राहणार आहे, हे विसरू नका.

दोन्ही मेज एल्फ. एल्फची बुद्धी १० असते. ८ गुण टाकले की ती थेट १८. हे का महत्त्वाचं? लेव्हल वाढल्यावर नवा मंत्र शिकण्याची शक्यता बुद्धीला ३० ने भागून येते. बुद्धी १८ असेल तर प्रत्येक नवा मंत्र शिकायची संधी ६० टक्के, बुद्धी ११ असेल तर चाळीसच्याही खाली. प्रीस्टचं असंच गणित श्रद्धेवर चालतं, पण त्याच्या बाबतीत मी आधी जीव वाचवतो आणि मंत्र थोडे उशिरा आले तरी चालवून घेतो.

थीफसाठी हॉबिट. चपळाई १०, नशीब १५, एक गुण टाकला की थीफ तयार. उरलेले सगळे चपळाईत ओता. पेटीवरचा सापळा बरोबर ओळखण्याची त्याची शक्यता चपळाईच्या सहापट असते, जास्तीत जास्त ९५ टक्के. म्हणजे चपळाई १६ झाली की तो कळस गाठतो. विझर्ड्री मालिकेच्या या पहिल्या गेममध्ये थीफला लपून पाठीत वार करता येत नाही. लढाईत तो फारसा उपयोगी नाही. त्याचं काम लढाई संपल्यावर सुरू होतं.

वृत्तीचाही विचार आत्ताच करा. पार्टी जमते टॅव्हर्नमध्ये, म्हणजे गुत्त्यात, आणि तिथे गुड आणि ईव्हिल पात्रं एका पार्टीत येत नाहीत. प्रीस्ट न्यूट्रल होऊ शकत नाही आणि थीफ गुड होऊ शकत नाही. सोपा मार्ग म्हणजे प्रीस्ट गुड आणि बाकी सगळे न्यूट्रल. पुढे एखाद्या फायटरला लॉर्ड करायचं स्वप्न असेल तर तो आत्ताच गुड ठेवा, कारण लॉर्ड फक्त गुडच असतो. गुड पात्रांनी एक जपायचं. भुयारात कधी कधी मैत्रीने वागणारे राक्षस भेटतात. त्यांच्यावर हात उचलला तर गुड पात्र ईव्हिल होऊ शकतं. त्यांना जाऊ द्या.

सातवं पात्र एक बिशप बनवून ठेवा. एल्फला बुद्धी आणि श्रद्धा दोन्हीत दोन-दोन गुण टाकले की झालं. वृत्ती गुड. त्याला भुयारात न्यायचं नाही, तो टॅव्हर्नमध्येच बसून राहील. त्याचं काम आणलेल्या अनोळखी वस्तू ओळखणं. बोल्टॅकच्या दुकानात वस्तू ओळखून घ्यायला तेवढेच पैसे लागतात जेवढे ती विकून मिळतील, म्हणजे हाती काहीच उरत नाही. बिशप हे फुकट करतो. शापित वस्तू त्याला चिकटण्याचा धोका असतो, पण तो लढायला जाणार नसल्यामुळे ते परवडतं. शिवाय त्याच्या खिशातले सुरुवातीचे पैसे आधी काढून पार्टीला द्या.

खरेदी

सगळ्यांचे पैसे एकाकडे गोळा करा. सहा जणांचे मिळून साधारण आठशेच्या आसपास सोन्याची नाणी निघतात. आधी पुढच्या रांगेची चिलखतं, मग हत्यारं, आणि शेवटी जे उरेल त्यात मागची रांग.

या गेममध्ये एसी म्हणजे संरक्षणाचा आकडा जितका कमी तितका चांगला. उघड्या अंगाचा एसी १०. साखळीचं चिलखत ९० नाण्यांना, त्याने एसी ३ ने उतरतो. मोठी ढाल ४० ला, तीही ३ ने उतरवते. दोन्ही घातले की फायटर ४ वर येतो. लांब तलवार २५ ला. म्हणजे एका फायटरचा पूर्ण खर्च १५५. प्रीस्टला गदा ३०, साखळीचं चिलखत आणि छोटी ढाल २०, एकूण १४०. थीफला कातडी चिलखत ५०, छोटी ढाल आणि आखूड तलवार १५. मेजना १५ चे झगे पुरे. त्यांच्या हातात काय आहे याने आत्ता काही फरक पडत नाही, कारण मागून त्यांना वार करताच येत नाही.

एवढं करून दोन-अडीचशे उरतात. त्यात पहिल्या फायटरचं चिलखत बदलून २०० चं ब्रेस्टप्लेट घ्या. संपूर्ण पत्र्याचं चिलखत ७५० ला आहे. ते पुढच्या टप्प्याचं पहिलं लक्ष्य.

लढाईची एक फेरी

इथे थांबून नीट बघायला हवं, कारण सगळा गेम याच चौकटीत आहे.

समोर शत्रूंचे जास्तीत जास्त चार गट येतात. तुम्ही सहाही जणांना आधी हुकूम द्यायचे: लढ, बचाव कर, मंत्र म्हण, वस्तू वापर, भूतपिशाच्च पळव, किंवा पळ. सगळे हुकूम देऊन झाल्यावर फेरी सुरू होते आणि मग दोन्ही बाजूंचे लोक मिसळून आपापल्या क्रमाने हलतात. हा क्रम फासा आणि चपळाई मिळून ठरवतात. म्हणजे तुमचा मेज आधी मंत्र म्हणेल की शत्रूचा, हे हुकूम देताना माहीत नसतं. म्हणून हुकूम देताना कधीच एका माणसाच्या यशावर पूर्ण योजना टांगू नका. एका मेजने झोपवायचं आणि दुसऱ्याने त्याच गटावर पुन्हा झोपवायचं, हे उधळपट्टीसारखं दिसतं, पण धोकादायक गटासमोर ते अगदी योग्य आहे.

गटाच्या आत नेमका कोणता शत्रू मारायचा हे तलवार चालवणाऱ्याला निवडता येत नाही. गट तेवढा निवडता येतो. त्यामुळे तिघांचे वार एकाच गटावर एकवटा, म्हणजे फेरीच्या शेवटी शत्रूंची संख्या खरोखर घटते. तीन गटांवर तीन वार केले की तीन जखमी शत्रू उरतात आणि जखमी शत्रूही तेवढ्याच जोराने मारतो.

आता काटिनो. मेजला पहिल्या लेव्हलला हलिटो आणि काटिनो हे दोन मंत्र येतात. हलिटो एका शत्रूला १ ते ८ नुकसान करतो. काटिनो पूर्ण गटाला झोपवू शकतो. नवा खेळाडू आगीच्या मोहाला बळी पडतो आणि हलिटो टाकतो. तसं करू नका. झोपलेला शत्रू त्या फेरीत मारत नाही, आणि झोपलेल्यावर बसलेला घाव दुप्पट लागतो. पाच ऑर्कांच्या गटातले चार झोपले तर तुमच्या दोन फायटरांना त्यांना संपवायला दोन-तीन फेऱ्या मिळतात आणि अंगावर ओरखडाही उठत नाही. लेव्हल एकच्या पार्टीचं बळ मोजायचं तर तिच्याकडे किती काटिनो शिल्लक आहेत तेवढंच मोजा. लक्षात ठेवायचा अपवाद एकच: मेलेल्यांना झोप येत नाही. सांगाडे आणि झोंबी यांच्यावर काटिनो वाया जातो.

त्यांच्यासाठी प्रीस्टचा डिस्पेल, म्हणजे भूतपिशाच्च पळवायचा हुकूम, आहे. तो पहिल्या लेव्हलपासून करता येतो आणि त्याला मंत्र खर्च होत नाही. पण लेव्हल वाढते ती अनुभवाच्या गुणांवर, आणि डिस्पेलने नाहीशा झालेल्या शत्रूचा अनुभव मिळत नाही. जीवावर बेतलं असेल तेव्हाच वापरा. पहिल्या मजल्यावरचे सांगाडे तलवारीने मारण्याजोगे आहेत.

एक खरी वाटेल अशी लढाई धरू. समोर दोन गट: पाच ‘स्मॉल ह्यूमनॉइड’ आणि दोन ‘मॅन इन रोब्ज’. नावं अशी धूसर असतात, कारण पार्टीने अजून शत्रूला ओळखलेलं नाही. पाचांचा गट मोठा दिसतो आणि हात तिकडे जातो. पण खरा धोका झग्यातल्या दोघांचा आहे. ते पहिल्या लेव्हलचे मेज निघाले तर त्यांनाही काटिनो येतो. तुमची पुढची रांग झोपली तर वर सांगितलेला दुप्पट घावाचा नियम तुमच्यावर उलटतो. तेव्हा हुकूम असे: दोन्ही फायटर झगेवाल्यांवर, त्यांचे हिट पॉइंट मोजकेच असतात. पहिला मेज झगेवाल्यांवर काटिनो. दुसरा मेज पाचांच्या गटावर काटिनो. प्रीस्ट पाचांच्या गटावर वार. थीफ बचाव. पुढच्या फेरीत झगेवाले आडवे असतील, मग सगळे जण पाचांवर. सहा जणांत दोन मंत्र गेले आणि लढाई हातात आली.

याच लढाईत दोन्ही मेजांनी हलिटो टाकले असते तर जास्तीत जास्त दोन शत्रू पडले असते आणि पाच उरले असते.

बचावाचा हुकूम म्हणजे पॅरी, त्याला कमी लेखू नका. ज्याचे हिट पॉइंट दोन-तीनच उरलेत अशा फायटरला वार करायला लावण्यापेक्षा पॅरी करायला लावा. त्याच्यावर घाव बसणं अवघड होतं आणि शत्रूचे काही हल्ले त्याच्यावर वाया जातात. पळायचा हुकूमही आहे, पण तो हमखास यशस्वी होत नाही, आणि फसला तर ती फेरी शत्रूला फुकट मिळते. पळायचं असेल तर पहिल्याच फेरीत पळा, तीन जण पडल्यावर नाही.

मागे कधी वळायचं

या गेममध्ये मधल्या वाटेत सेव्ह करून मागे जाता येत नाही. जे घडलं ते डिस्कवर लागलीच नोंदवलं जायचं. सगळी पार्टी मेली तर प्रेतं भुयारातच राहतात आणि ती आणायला दुसरी पार्टी बांधून पाठवावी लागते. एखादा मेला तर कँटच्या देवळात पैसे भरून जिवंत करता येतो, पण तो विधी फसू शकतो. फसला तर प्रेताची राख होते. राखेवरचा विधीही फसला तर ते पात्र कायमचं गेलं. आणि पुढचा माणूस पडला की लढाईनंतर त्याला मागे ढकललं जातं आणि मागचा पुढे येतो. म्हणजे फायटर मेला की तुमचा थीफ किंवा मेज मार खायला उभा.

म्हणून परतीचे नियम आधीच ठरवा आणि पाळा. माझे असे आहेत. शेवटचे दोन काटिनो उरले की जिन्याकडे तोंड. पुढच्या रांगेतल्या कुणाचेही हिट पॉइंट निम्म्यावर आले आणि प्रीस्टचे डिओस, म्हणजे जखमा बऱ्या करणारे मंत्र, संपले की जिन्याकडे तोंड. कुणाला विष चढलं तर ताबडतोब, कारण पावलागणिक जीव कमी होतो आणि विष उतरवणारा लाटुमोफिस प्रीस्टला सातव्या लेव्हलपर्यंत येत नाही. दुकानात त्याची बाटली ३०० ला मिळते. जिना चढून वर आलं की विष आपोआप उतरतं, तेव्हा पहिल्या मजल्यावर धावणं हाच उपचार. सुरुवातीला एक किंवा दोन लढाया करून वर येणं अगदी बरोबर आहे. त्यात कमीपणा मानू नका.

वर आल्यावर सराईत, म्हणजे मुक्कामाच्या धर्मशाळेत, पैसे उधळायचे नाहीत. तिथे तबेल्यात झोपणं फुकट आहे. तबेल्यात हिट पॉइंट भरत नाहीत, पण सगळे मंत्र पुन्हा मिळतात. मग असं करा: प्रीस्टला तबेल्यात झोपवा, सगळ्यांना घेऊन भुयाराच्या जिन्यापाशी उतरा, पाऊलही पुढे न टाकता कॅम्पमध्ये डिओस म्हणून जखमी बरे करा, पुन्हा वर या, पुन्हा तबेला. कंटाळवाणं आहे, पण चिलखताचे पैसे यातूनच वाचतात. महागड्या खोल्यांत आठवडे घालवले तर पात्रांचं वय वाढतं, ते वेगळंच.

लेव्हलही सराईत झोपल्यावरच वाढते. फायटरला दुसऱ्या लेव्हलसाठी १००० अनुभव लागतो, मेजला ११००, थीफला ९००. लेव्हल वाढताना गुण वर जातात तसे खालीही जातात. हिट पॉइंटचे सगळे फासे नव्याने पडतात आणि बेरीज आधीपेक्षा कमी आली तर फक्त एक वाढतो. तेव्हा एखाद्या लेव्हलला एकच हिट पॉइंट मिळाला म्हणून पात्र फेकून देऊ नका. पुढच्या वेळी सगळे फासे पुन्हा पडणारच आहेत.

पेट्या

खोलीतली लढाई जिंकल्यावर पेटी मिळू शकते. पेटी तपासायचं काम थीफचंच. सापळ्याचं नाव त्याने सांगितलं की तेच नाव देऊन तो निकामी करायचा. विषारी सुई आणि बाण उघडणाऱ्यालाच लागतात. गॅस बॉम्ब मात्र पूर्ण पार्टीला भोवतो आणि टेलिपोर्टर तुम्हाला मजल्यावर कुठेही फेकून देतो. प्रीस्टला तिसऱ्या लेव्हलला काल्फो आला की आधी काल्फोने नाव बघा, मग थीफला तपासू द्या. दोघांचं उत्तर जुळलं तर हात लावा. जुळलं नाही आणि पार्टी जखमी असेल तर पेटी सोडून द्या. मला पेटी सोडणं जड जातं, पण पहिल्या मजल्यावरच्या पेटीत सहा जिवांच्या मोलाचं काहीच नसतं.

दुसऱ्या मजल्यापासून खाली

पहिला मजला पाचव्या लेव्हलच्या आसपास सोडा. याच लेव्हलला दोन बदल होतात. फायटर एका फेरीत दोन वार करू लागतो, कारण दर पाच लेव्हलमागे त्याला एक वार वाढतो. आणि मेजला तिसऱ्या पायरीचे मंत्र येतात, त्यात महलिटो, पूर्ण गटावर ४ ते २४ नुकसान. यानंतर काटिनोचं महत्त्व हळूहळू कमी होतं आणि गटाला जाळणारे मंत्र पुढे येतात. प्रीस्टच्या मोंटिनोकडे दुर्लक्ष करू नका. तो शत्रूच्या मंत्र म्हणणाऱ्या गटाची वाचा बंद करतो, आणि खालच्या मजल्यांवर मंत्रवाले गटच पार्ट्या संपवतात. लाटुमापिक आला की प्रत्येक मोहिमेच्या सुरुवातीला म्हणा. मग शत्रूंची खरी नावं दिसतात आणि मंत्र वाया जात नाहीत. मापोर्फिकही तसाच, एकदा म्हटला की मोहीमभर सगळ्यांचा एसी दोनने सुधारतो.

पहिल्या मजल्यावर एका ठरावीक खोलीत मर्फीचं भूत भेटतं. त्याला घाव घालणं अवघड, पण त्याचा मार हलका, आणि एका भुताचा अनुभव चार हजारांहून जास्त, सहा जणांत वाटला जातो. बरेच जण तिथेच फेऱ्या मारून लेव्हल वाढवतात. अडकलात तर जरूर करा. पण तिथे तासन्‌तास उभं राहून नवव्या लेव्हलला पोचलेल्या खेळाडूला गटांची निवड, मोंटिनोची वेळ, माघारीचा अंदाज यांतलं काही येत नाही, आणि ते चौथ्या मजल्यावर दिसतं.

चौथ्या मजल्यावर एक ठरलेली मोठी लढाई आहे, तिच्यात योद्धे आणि मंत्रवाले एकत्र समोर येतात. ती जिंकली की निळी रिबन मिळते आणि रिबनमुळे चौथ्यापासून नवव्या मजल्यापर्यंतची लिफ्ट उघडते. पाच ते आठ हे मजले पार केले नाहीत तरी गेम पूर्ण होतो. या लढाईला सगळे मंत्र भरलेले असतानाच जा. पहिल्या फेरीत मोंटिनो मंत्रवाल्यांवर, दोन्ही मेजांचे गटाला जाळणारे मंत्र सगळ्यात मोठ्या गटावर, फायटर मंत्रवाल्यांवर.

त्याखाली आणखी तीन गोष्टी सांभाळायच्या. मान उडवणारे शत्रू, म्हणजे निंजा आणि निरुपद्रवी दिसणारा व्होर्पल बनी. त्यांच्यासमोर हिट पॉइंट कितीही असले तरी उपयोग नाही, त्यांना जवळ येऊ न देता मंत्राने संपवा. दुसरे लेव्हल शोषणारे व्हँपायर. गेलेली लेव्हल पुन्हा अनुभव मिळवूनच परत येते. मकानिटो हा पाचव्या पायरीचा मंत्र हवा नाहीशी करून दुबळ्या शत्रूंचे सगळे गट एकदम मारतो, पण श्वास न घेणाऱ्या व्हँपायरवर तो चालत नाही, तिथे झिल्वान वापरा. तिसरी गोष्ट मालोर, जागा बदलण्याचा मंत्र. आधी डुमापिकने आपण कुठे आहोत हे बघा, कागदावर नकाशा काढा, मगच आकडे द्या. दगडात जाऊन पोचलात तर पूर्ण पार्टी हातची गेली.

क्लास बदलायचा की नाही

ट्रेनिंग ग्राउंडवर क्लास बदलता येतो. बदलल्यावर पात्र पहिल्या लेव्हलला येतं, गुण वंशाच्या मूळ आकड्यांवर घसरतात, वय वाढतं. हिट पॉइंट मात्र राहतात आणि शिकलेले मंत्रही राहतात. म्हणून मेजला तेराव्या लेव्हलला सातव्या पायरीचे सगळे मंत्र येईपर्यंत थांबा आणि मग त्याला सामुराई करा, किंवा तो न्यूट्रल नसेल तर प्रीस्ट. लॉर्डसाठी शक्ती १५, बुद्धी १२, श्रद्धा १२, जीवनशक्ती १५, चपळाई १४, नशीब १५ लागतं, आणि निंजासाठी सगळे सहाही १७. थीफला निंजा करायचा दुसरा मार्ग आहे: थीव्हज डॅगर सापडला तर त्याची शक्ती वापरून तो थेट निंजा होतो. हा खंजीर मिळाला तर विकू नका.

दोन्ही मेज एकाच वेळी बदलायची घाई करू नका. एक बदलला तर दुसऱ्याने मंत्र सांभाळायला हवेत. आणि खरं सांगायचं तर ताईत मिळवायला क्लास बदलण्याची गरजच नाही. दोन फायटर, एक प्रीस्ट, एक थीफ आणि दोन मेज शेवटपर्यंत पुरतात.

दहावा मजला

नवव्या मजल्यावरच्या घसरगुंडीने दहाव्यावर उतरता येतं. तिथे एकामागून एक खोल्या, प्रत्येकीत लढाई, आणि प्रत्येकीनंतर टेलिपोर्टरने पुढच्या खोलीकडे. इथे पुन्हा पहिल्या मजल्यासारखंच मोजायचं, फक्त काटिनोच्या जागी टिल्टोवेट. तो सातव्या पायरीचा मंत्र सगळ्या गटांना १० ते १५० नुकसान करतो. शेवटच्या खोलीसाठी प्रत्येक मेजकडे किमान दोन टिल्टोवेट आणि प्रीस्टकडे पार्टीतल्या कुणालाही पूर्ण बरं करणारा मादी शिल्लक हवा. तेवढं नसेल तर मालोरने वर या, तबेल्यात झोपा, पुन्हा उतरा.

वेर्डनासोबत व्हँपायर असतात आणि तो स्वतःही मोठे मंत्र टाकतो. पहिल्या फेरीत दोन्ही मेजांचा टिल्टोवेट, दोन्ही फायटर थेट वेर्डनावर, व्हँपायरांवर नाही, कारण ते मंत्रात होरपळतातच. प्रीस्टचा पहिल्या फेरीतला हुकूम उपचाराचा ठेवा, जरी कुणी जखमी नसलं तरी. फेरी सुरू झाल्यावर कोण आधी हलेल हे माहीत नसतं, आणि वेर्डनाचा मंत्र आधी पडला तर तुमच्या पुढच्या रांगेतल्या एकाला तो मादी त्याच फेरीत लागतो. थीफने पॅरी. दुसऱ्या फेरीत उरलेले टिल्टोवेट टाका, राखून ठेवायला आता पुढची खोली नाही.